आवाजाचा हप्ता : स्वरयंत्र काढायचं म्हणजे किती पैसे हाताशी हवेत?

सोलापूरच्या बाजार समितीत आमच्या मामांनी तीसेक वर्षं कांद्याचा लिलाव पुकारला. दोन गाळे सोडून पलीकडच्या आडत्यालाही बोली कळावी असा आवाज. तो बसला तो बसलाच. चार महिने काढे आणि गोळ्या झाल्यावर दुर्बीण घालून तुकडा काढला, तेव्हा कॅन्सर स्वरयंत्राच्या कूर्चेत शिरलेला निघाला. पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल म्हणाले. मामींनी पहिला प्रश्न विचारला, "किती लागतील?" उत्तर मिळालं ते फक्त ऑपरेशनचं.

मामींनी दोनशे पानी वही घातली. त्यातली पहिली वीस-बावीस पानं ऑपरेशनची आहेत. बाकी सगळी वही त्यानंतरची. ऑपरेशनला योजना असते, विमा असतो, नातेवाईक धावून येतात. पुढे मात्र घर एकटं असतं, आणि आवाजाचा खर्च फ्लॅटच्या हप्त्यासारखा वर्षानुवर्षं चालू राहतो. म्हणून हा हिशेब सही करण्याआधी मांडायचा, नंतर नाही. खाली दिलेले खासगीतले दर ढोबळ आहेत. शहर, दवाखाना आणि खोली बदलली की तेही बदलतात.

काढायलाच हवं का?

पैशाच्या आधीचा हा प्रश्न. गाठ लहान असेल तर लेझर किंवा नुसत्या शेकावर (रेडिएशनला आपल्याकडे बहुतेक घरांत शेकच म्हणतात) भागतं. मधल्या टप्प्यात शेक आणि केमो एकत्र देऊन स्वरयंत्र वाचवायचा प्रयत्न होतो. अमेरिकेत १९९१ साली माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात केमो-शेक घेतलेल्यांपैकी साधारण दोन तृतीयांश रुग्णांचं स्वरयंत्र टिकलं होतं. पण कूर्चा पोखरून रोग बाहेर आला असेल, किंवा गिळलेलं वारंवार फुफ्फुसात जात असेल, तर डॉक्टर बहुधा काढायलाच सांगतात.

'शेक स्वस्त पडेल, आधी तो करून बघू' हा हिशेब घरात हमखास निघतो. तो फसवा आहे. शेकानंतर रोग उलटला तर तेच ऑपरेशन करावं लागतं, तेही शेकलेल्या मांसावर. ते नीट भरून येत नाही, मुक्काम लांबतो, बिल फुगतं. निवड रोगाच्या टप्प्यावर होऊ द्या, दरपत्रकावर नको. दुसरं मत घ्यायला मुंबईलाच जायला हवं असंही नाही. टाटा रुग्णालय आणि राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून घरबसल्या मागवता येतं.

तपासण्यांमध्ये दुर्बिणीतून तुकडा काढण्याचे खासगीत साधारण ₹१०,००० ते ₹२५,०००, मानेच्या सीटी स्कॅनचे ₹४,००० ते ₹८,०००, आणि सांगितला तर पेट स्कॅनचे ₹१०,००० ते ₹२५,००० लागतात. पेट प्रत्येकालाच लागतो असं नाही, तेव्हा 'कशासाठी?' असं विचारायला लाजू नका. आणखी एक, तुकड्याच्या काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा पॅथॉलॉजीतून मागून घ्या. दुसऱ्या दवाखान्यात ते नसले की तुकडा पुन्हा काढतात, आणि पैसेही पुन्हा.

ऑपरेशनचं बिल

या शस्त्रक्रियेत स्वरयंत्र पूर्ण काढतात, मानेतल्या गाठी साफ करतात, कधी थायरॉईडचा भागही जातो. श्वासनलिकेचं वरचं टोक मानेच्या पुढच्या बाजूला कायमचं उघडं ठेवतात. त्यापुढे श्वास त्या भोकातून, ज्याला दवाखान्यात स्टोमा म्हणतात. अन्नाचा रस्ता तोंडातूनच राहतो, पण हवेचा रस्ता त्यापासून कायमचा वेगळा होतो. सगळं सुरळीत झालं तर दहा-चौदा दिवसांचा मुक्काम, तेवढे दिवस नाकातल्या नळीने पातळ अन्न.

मुंबई-पुण्याच्या खासगी रुग्णालयांत याचं बिल साधारण ₹३ लाख ते ₹६ लाखांच्या घरात जातं. जिल्ह्याच्या ठिकाणी दीड-तीन लाखांतही होतं. पण हे आकडे 'सुरळीत झालं तर'चे. घसा शिवला तिथून लाळ मानेवाटे बाहेर पाझरू लागली (दवाखान्यात याला फिस्टुला म्हणतात), तर मुक्काम दोनाचे चार-पाच आठवडे होतो. कधी छातीचा स्नायू वळवून पुन्हा शिवावं लागतं. ही गुंतागुंत दुर्मीळ नाही, आणि आधी शेक झालेल्यांना तिचा धोका जास्त. म्हणून पॅकेज सांगतील तेव्हा एवढं विचारा, की फिस्टुला झाला तर जादा दिवस आणि दुसरं ऑपरेशन यात धरलंय का? घसा स्टेपलरने शिवणार असाल तर त्याचे पैसे वेगळे का? आवाजाची झडप (ती काय, ते पुढे येईलच) याच ऑपरेशनमध्ये बसवणार का, आणि तिची किंमत कुणाच्या माथी? उत्तरं दवाखान्याच्या कागदावर लिहून मागा. आम्ही तोंडी विश्वास ठेवला होता आणि बारा दिवसांच्या पॅकेजचे सव्वीस दिवस झाले. त्यात दवाखान्याचा दोष नव्हता. विचारलं नाही, हा आमचा.

पैसे कोण भरतं

महाराष्ट्रात शिधापत्रिका असेल तर आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं दार ठोठावा. जुलै २०२४ पासून ही योजना पांढऱ्या कार्डासकट सगळ्या शिधापत्रिकाधारकांना लागू आहे, आणि कुटुंबाला वर्षाला ₹५ लाखांपर्यंत कवच मिळतं. पैसे हातात येत नाहीत, दवाखान्याला ठरलेल्या पॅकेजप्रमाणे मिळतात, आणि तुमच्याकडून अनामत घ्यायची नसते. घरी सोडल्यावर दहा दिवसांपर्यंतची औषधंही पॅकेजात धरलेली असतात. दवाखाना योजनेत आहे एवढ्यावर थांबू नका. कित्येक दवाखाने हाडांसाठी किंवा किडनीसाठी योजनेत असतात, कॅन्सरच्या शस्त्रक्रियेसाठी नसतात. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठा, नाहीतर १५५३८८ वर फोन करा. शिधापत्रिका, आधार आणि तुकड्याचा रिपोर्ट हे तीन कागद सोबत हवेतच. रुग्ण सत्तर किंवा त्यावरचा असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, त्याला उत्पन्नाची अट नाही. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेतून तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला ₹२.५ लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ₹४ लाखांचं कवच आहे.

योजनेत बसत नसलात तरी धर्मादाय रुग्णालयांचा रस्ता उरतो, आणि तो पुष्कळांना माहीतच नसतो. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१ कक कलमाखाली अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. पुण्या-मुंबईतली कितीतरी चकचकीत रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय आहेत. समाजसेवा अधिकाऱ्याचं टेबल शोधून काढा. ते बहुधा लिफ्टच्या मागे असतं.

परळच्या टाटा रुग्णालयात जनरल फाइल आणि प्रायव्हेट फाइल असे दोन मार्ग आहेत. जनरलमध्ये खर्च फारच कमी, पण तारखेची वाट बघावी लागते, आणि घशाच्या कॅन्सरला वाट बघणं महागात पडू शकतं. म्हणून जवळचे पर्यायही विचारून ठेवा. बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय, गोव्यात बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय.

खासगी विमा असेल तर खोलीच्या भाड्याची मर्यादा आधी वाचा. दिवसाला पाच हजारांची मर्यादा असताना दहा हजारांची खोली घेतली, तर कंपनी नुसतं भाडंच कापत नाही, सर्जनच्या फीपर्यंत त्याच प्रमाणात कात्री लावू शकते. 'क्रिटिकल इलनेस' पॉलिसी असेल तर तिच्यात कॅन्सरबरोबर 'वाचा जाणे' हेही वेगळं कलम असतं. त्यासाठी सलग १२ महिने वाचा नसल्याचा वैद्यकीय दाखला मागतात. ईएसआयचे कामगार असाल तर कॅन्सर दीर्घ आजारांच्या यादीत आहे, दोन वर्षांपर्यंत ८० टक्के मजुरी मिळू शकते. मामा हमाल नव्हते, नोकरदार नव्हते, लिलाव पुकारणारे होते. त्यांच्या बुडालेल्या मजुरीचा रकाना वहीत कोराच आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा होता.

शेक आणि मुक्काम

ऑपरेशननंतर चार-सहा आठवड्यांनी बहुतेकांना शेक द्यावा लागतो. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे. खासगीत नव्या पद्धतीच्या मशीनवर ₹१.५ लाख ते ₹३ लाख. योजनेत शेकाचं पॅकेज वेगळं असतं, ऑपरेशनची मंजुरी त्याला चालत नाही, तेव्हा फाइल पुन्हा लावायला विसरू नका. शेकाआधी दात दाखवून घ्या. किडका दात नंतर काढला तर जबड्याचं हाड कुजू शकतं, आणि मग दंतवैद्याच्या पाचशे-हजारांची बचत लाखात जाते.

मुंबईत सहा आठवडे काढायचे तर लॉजचं भाडं शेकापेक्षा जड होतं. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती आणि टाटाचं वांद्र्याचं बोर्जेस होम इथे आधी विचारा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ आहे, सोबत्याला त्यात ७५ टक्के सवलत. दवाखान्यातून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. एसटीतही सवलत आहे.

आता आवाज

१८७३ सालच्या शेवटच्या दिवशी व्हिएन्नात बिलरोथ या सर्जनने कॅन्सरसाठी स्वरयंत्र पूर्ण काढलं, आणि त्याचा सहायक गुसेनबाउअर याने त्या रुग्णाला कृत्रिम आवाजयंत्र बनवून दिलं. म्हणजे पहिल्याच रुग्णापासून दोन्ही कामं एकत्र धरलेली होती. आपल्याकडे अजून 'आधी जीव वाचू दे, आवाजाचं मग बघू' असं चालतं. मग जी झडप ऑपरेशनमध्येच बसली असती ती पुढे वेगळ्या ऑपरेशनने बसवावी लागते.

बोलण्याचे तीन रस्ते आहेत, आणि तिन्हींच्या खर्चाची तऱ्हा वेगळी.

पहिला, अन्ननलिकेतून बोलणं. हवा गिळून ढेकरेसारखी बाहेर सोडत तिलाच शब्दांचा आकार द्यायचा. यंत्र नाही, बॅटरी नाही, खर्च फक्त वाचातज्ज्ञाचा. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांत वाचोपचार फारच थोड्या पैशांत मिळतो. पण शिकायला महिने लागतात, आणि शिकायला बसलेल्या प्रत्येकाला ते साधतंच असं नाही.

दुसरा, इलेक्ट्रोलॅरिंक्स. टॉर्चएवढं यंत्र मानेला लावलं की कंप घशात शिरतो आणि ओठ-जिभेने शब्द होतात. आवाज यंत्रमानवासारखा सपाट, पण दुसऱ्या आठवड्यातच बोलता येतं. साधी यंत्रं ₹५,००० ते ₹१५,००० ला मिळतात, नावाजलेली परदेशी ₹४०,००० च्या पुढे जातात. एकदा घेतलं की पुढे खर्च बॅटरीचाच. घेताना दुकानदाराला यंत्र तुमच्याच मानेवर लावून दाखवायला सांगा. शेकाने मान लाकडासारखी झाली असेल तर कंप आत शिरत नाही, आणि मग ते यंत्र कपाटात पडून राहतं.

तिसरा रस्ता झडपेचा. श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधल्या भिंतीत छोटं भोक पाडून सिलिकॉनची एकमार्गी झडप बसवतात. मानेचं भोक अंगठ्याने दाबलं की फुफ्फुसातली हवा झडपेतून घशात जाते आणि आवाज निघतो. तिन्हींत हाच आवाज माणसासारखा वाटतो. ही युक्ती अमेरिकेत ब्लॉम आणि सिंगर यांनी १९८० च्या सुमारास प्रचारात आणली. ब्लॉम-सिंगर आणि प्रोव्हॉक्स ही दोन नावं दवाखान्यात ऐकू येतील. किंमत प्रकारानुसार साधारण ₹१५,००० ते ₹३५,०००.

इथेच लोक फसतात, कारण ही किंमत एकदाच द्यायची नसते. झडपेवर बुरशी साचते, तिचं पान नीट मिटत नाही आणि चहा-पाणी श्वासनलिकेत झिरपू लागतं. चहा पिताच ठसका लागला की झडप बदलायची वेळ झाली. कुणाची वर्षभर टिकते, कुणाची तीन महिन्यांत जाते. वर्षाला दोन धरल्या तरी पाच वर्षांचे दीड ते साडेतीन लाख होतात. शिवाय ती बदलणारा डॉक्टर तुमच्या जिल्ह्यात आहे का? नसेल तर दर खेपेचं भाडं आणि बुडालेला दिवसही धरा. मामींच्या वहीत झडपेपेक्षा तिच्यासाठी केलेल्या फेऱ्यांच्या नोंदी जास्त आहेत.

बंगळुरूचे कर्करोग सर्जन डॉ. विशाल राव यांनी 'ओम' नावाची झडप तयार केली आहे, आणि तिची किंमत ५० रुपयांच्या आसपास ठेवण्याचा त्यांचा उद्देश राहिला. प्रत्येक सर्जन ती बसवत नाही. तरीही ऑपरेशनआधी नाव घेऊन विचारा, कारण पहिली झडप कोणती बसते त्यावर पुढच्या खर्चाचा रस्ता ठरतो. झडप रोज लहान ब्रशने घासा, डॉक्टरांनी दिलं असेल तर बुरशीचं औषध चुकवू नका. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी झडपेवरच्या थरावर ताकाचा काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत तपासून पाहिलं होतं. आमच्याकडे ताक होतंच. उपयोग झाला की नाही सांगता येत नाही, पण तेवढीच एक नोंद मामींनी 'फुकट' या सदरात टाकली आहे.

माझं मत विचाराल तर, गावात राहणाऱ्या आणि दर महिन्याला शहर न गाठू शकणाऱ्या माणसाने इलेक्ट्रोलॅरिंक्सला कमीपणा मानू नये. झडप उत्तमच, पण बंद पडलेल्या झडपेपेक्षा चालणारं यंत्र बरं. आणि दोन्हींच्या आधी एक बिनपैशाचं काम करा. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात रुग्णाचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, घरातल्यांची नावं, नेहमीची वाक्यं. लिहिलेलं मराठी मोठ्याने वाचून दाखवणारी सोय बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये फुकट असते. पहिले दोन महिने तीच कामाला येते, तिच्या जोडीला साधी पाटी-पेन्सिल.

मानेचं भोक

नाकाचं काम आता कुणीच करत नाही. हवा गाळायची, ओली-उबदार करायची, ते सगळं राहून जातं. म्हणून खोकला आणि घट्ट कफ. त्यासाठी भोकावर बसणारे फिल्टर मिळतात (एचएमई म्हणतात), एक साधारण शंभर-दोनशे रुपयांना, आणि तो रोज बदलायचा. म्हणजे महिन्याला तीन ते सहा हजार. परवडत असेल तर जरूर वापरा, कफ खरंच कमी होतो. नसेल तर स्वच्छ सुती कापडाची, किंचित ओलसर पट्टी गळ्यात बांधा. मामींनी जुन्या धोतराच्या पन्नासेक शिवल्या होत्या. भोकात सिलिकॉनची नळी वापरायला सांगितली असेल तर दोन ठेवा, एक धुताना दुसरी.

सक्शन मशीन ₹४,००० ते ₹१०,०००, वाफेचं मशीन दीड-दोन हजार. सक्शन बहुधा पहिले काही महिनेच लागतं, तेव्हा भाड्याने घेतलं तरी चालतं. शेक झाला असेल किंवा थायरॉईड काढला असेल तर दर सहा महिन्यांनी टीएसएच तपासणी. त्याची गोळी स्वस्त असते, पण आयुष्यभराची.

एक वस्तू मात्र कुणी सांगत नाही, गॅसगळतीचा अलार्म. नाकातून हवाच जात नसल्यामुळे वास येणं जवळजवळ बंद होतं. घरात रुग्ण एकटा असेल तर हे दीड-दोन हजार आधी खर्च करा. खिशात एक कार्डही ठेवा, 'मी मानेतून श्वास घेतो, ऑक्सिजन मानेला लावा.' अपघातात लोक तोंडाला मास्क लावतात, आणि त्याचा काडीचा उपयोग नसतो.

कागद

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत स्वरयंत्र काढल्याचा थेट उल्लेख आहे. हे बहुतेक रुग्णांना कुणी सांगत नाही. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा, पुढे प्रवास-सवलतीपासून साहित्याच्या योजनांपर्यंत तेच मागतात. उत्पन्न कमी असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कॅन्सरचा समावेश आहे, तहसील कार्यालयात अर्ज द्या. आयकर जुन्या पद्धतीने भरत असाल तर ८०डीडीबी खाली कॅन्सरच्या उपचारासाठी ₹४०,००० पर्यंत, आणि रुग्ण साठीच्या पुढचा असेल तर ₹१ लाखापर्यंत वजावट मिळते. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते, म्हणून ती पहिल्याच दिवशी झेरॉक्स करून ठेवा.

मामींच्या वहीत शेवटून दुसऱ्या पानावर एक नोंद आहे. 'सक्शन मशीन करमाळ्याच्या पेशंटला दिले. अनामत नाही. नळ्या उकळून दिल्या. इलेक्ट्रोलॅरिंक्स मागत होते, ते ठेवले. मामा अजून कांद्याचा भाव फोनवर विचारतात.'